विकास योजना म्हणते एक, परवानगी मिळते दुसरीच

प्रश्न असा आला आहे: "आमच्या लहान महानगरपालिकेची सुधारित विकास योजना मंजूर झाली. अहवालात लिहिलंय की एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या आसपास वस्ती वाढावी, बाह्यवळण रस्ता वाहतुकीला मोकळा राहावा, नदीकाठ जपावा. घडतंय उलटंच. स्टँडमागच्या कॉलनीत साडेसात मीटर रस्त्यावर तीन गुंठ्यांत आमचं जुनं घर आहे; आर्किटेक्ट म्हणतो, इथे फार काही बांधता येणार नाही. आणि बाह्यवळणावर, जिथे बससुद्धा जात नाही, तिथे दहा मजली इमारती उठतायत. झोनिंगचे जुने नियम नव्या योजनेशी जुळवायचे तर नेमकं काय करावं लागतं? नागरिकांना त्यात काही करता येतं का?"

मी नगररचनेत अठ्ठावीस वर्षं काढली. निम्मी सरकारी खात्यात, उरलेली पालिकांना सल्ला देण्यात. तुमचं शहर कुठलं ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही सांगताय तशी पाच-सहा शहरं मला तोंडपाठ आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नियम जुने झाले म्हणून योजनेशी जुळत नाहीत, असं तुम्ही धरून चाललाय. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता राज्यभर जी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते, ती डिसेंबर २०२० ची आहे. कित्येक शहरांच्या योजना तिच्याहून जुन्या आहेत. खरी अडचण अशी की योजना तुमच्या एका शहराचं अंग मोजून शिवलेली असते आणि नियमावली सगळ्या शहरांना एकाच मापात शिवलेली. ती शिवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्याआधी दर शहराची वेगळी नियमावली होती, तिचा दर अधिकारी वेगळा अर्थ लावायचा आणि एकाच आर्किटेक्टला दोन शेजारच्या शहरांत जिन्याच्या रुंदीवरून दोन वेगळी भांडणं करावी लागायची. एकीकरणाने तो त्रास गेला. पण त्याबरोबर शहराचा स्वतःचा आवाजही नियमांतून गेला, आणि तो परत आणायचं काम बहुतेक पालिकांनी केलेलंच नाही.

कायद्याच्या दृष्टीने नियम योजनेपासून वेगळे नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास योजनेत काय काय असावं याची यादी आहे. तिच्यात रस्ते, आरक्षणं, वापर विभाग यांच्याबरोबर बांधकामाची उंची, मोकळी जागा, एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तरतुदीही येतात. प्रत्यक्षात मात्र नकाशा भिंतीवर लागतो, अहवाल कपाटात जातो आणि नियमावली परवानगीच्या टेबलावर राहते. रोज उघडली जाते ती तिसरीच. म्हणून शहर तिसरीसारखं दिसायला लागतं.

आता तुमच्याकडे काय घडतंय ते सांगतो. आपल्याकडे लोक झोन म्हणजे नकाशाचा रंग समजतात. "आमचं शेत पिवळ्यात आलं का?" हा आमच्या कार्यालयात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. पण एकदा जमीन पिवळ्यात, म्हणजे रहिवास विभागात आली की पुढचं जवळजवळ सगळं रस्त्याची रुंदी ठरवते. महानगरपालिका क्षेत्रात, दाट वस्ती सोडून, मूळ एफएसआय सगळीकडे १.१. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथेच थांबायचं. ९ मीटरपासून पुढे प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित झालेला बांधकाम हक्क) वापरून तो टप्प्याटप्प्याने चढतो, आणि ३० मीटर किंवा जास्त रुंदीच्या रस्त्यावर ३ पर्यंत जातो. अनुषंगिक क्षेत्र, म्हणजे जिने, बाल्कन्या वगैरेंसाठीचं जादा क्षेत्र, त्यावर वेगळं. दुकानं, कार्यालयं, हॉटेलं यांचंही तेच. दाट वस्तीबाहेर १२ मीटर आणि त्याहून रुंद रस्त्यावरचा भूखंड आपोआप दुसऱ्या, जास्त मोकळ्या रहिवास विभागात जातो.

तुमच्या शहरातला सर्वांत रुंद रस्ता कुठला? बाह्यवळण. सर्वांत अरुंद रस्ते कुठे? स्टँड आणि स्टेशनच्या मागे. म्हणजे जिथे योजना लोकांना बोलावते तिथे नियम त्यांना उभं राहू देत नाहीत, आणि जिथे योजना नको म्हणते तिथे नियमांनी पाट मांडून ठेवलाय. बिल्डर काही चोरून करत नाहीये. तो नियमावली वाचतो आणि जिथे जास्त मिळतं तिथे जातो.

रुंदीला महत्त्व देण्यामागे शहाणपण आहे हेही सांगायला हवं. आगीचा बंब वळायला जागा लागते, साडेसात मीटरच्या गल्लीत सत्तर कुटुंबं कोंबून चालत नाही. फक्त, रुंदी हे वाहून नेण्याच्या ताकदीचं एक माप झालं. बस, पाणी, गटार, शाळा, बाजार यांचं अंतर ही तितकीच खरी मापं आहेत, आणि मेट्रोच्या शहरांचा अपवाद सोडला तर ती नियमात जवळजवळ कुठेच नाहीत.

एका तालुक्याच्या गावी मी हे फार जवळून पाहिलं. तिथे बाह्यवळणाची आखणी जड वाहनं गावाबाहेरून काढण्यासाठी होती. रस्ता २४ मीटरचा, दोन्ही बाजू पिवळ्या. दहा वर्षांत त्यावर मंगल कार्यालयं, गाड्यांची शोरूम, फर्निचरची दुकानं आणि ढाबे अशी रांग लागली. लग्नसराईत ट्रक एक-एक तास अडकायचे. मग बाह्यवळणाला बाह्यवळण करा अशी मागणी आली! सल्लागारांत मीही होतो, आणि आखणी करताना कडेच्या भूखंडांना रस्त्यावर थेट दार देऊ नका, सेवा रस्त्यावरून द्या, एवढी एक ओळ नियमात घालायचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आता जुळवायचं कसं. माझी पद्धत साधी आहे. एक मोठी वही घ्यायची. डाव्या पानावर अहवालातलं एकेक आश्वासन जसंच्या तसं उतरवायचं आणि उजव्या पानावर ते पाळायला लावणारा नियम क्रमांकासह लिहायचा. पहिल्यांदा करता तेव्हा निम्मी उजवी पानं कोरी राहतात. मग कोऱ्या पानांची वर्गवारी करायची. काही आश्वासनांना नियम नाही, पैसा लागतो. "प्रत्येक प्रभागात बाग" हे नियम बदलून होत नाही, जमीन ताब्यात घ्यावी लागते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. काही आश्वासनांना नियम आहे पण तो विरुद्ध दिशेला ओढतो, तुमच्या बाह्यवळणासारखा. आणि काहींना नियम ठीक आहे, नकाशाच अपुरा.

नदीकाठ बहुतेक या शेवटच्या जातीचा निघेल. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून बांधता येतं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. रेषा जलसंपदा विभाग ठरवतो आणि त्या योजनेच्या भाग नकाशांवर (शहराच्या एकेका भागाच्या तपशीलवार नकाशांवर) उतरल्या नसतील तर परवानगीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला त्या दिसतच नाहीत. पण एक खोच नियमातही आहे. जोतं उंच करा म्हटलं की प्रत्येक जण आपल्या भूखंडात भराव घालतो, आणि पाणी ज्याने घातला नाही त्याच्या घरात शिरतं. २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडे फिरताना मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. घर खांबांवर उचला पण खालची जमीन आहे तशी राहू द्या, अशी अट घालता येते. ती तुमच्या वहीत उजव्या पानावर लिहून ठेवा.

वही झाली की आमची मंडळी थेट मसुदा लिहायला बसतात. इथेच चूक होते. मधली पायरी म्हणजे नियम खऱ्या भूखंडावर घालून बघणे, आणि तिला पर्याय नाही. तुमचाच भूखंड घेऊ. तीन गुंठे म्हणजे ढोबळ ३०० चौरस मीटर, समजा १५ बाय २०. आकडे सोपे करून सांगतो. तुमच्या आर्किटेक्टकडे नेमके तक्ते असतील. १.१ ने ३३० चौरस मीटर, त्यावर साठ टक्के अनुषंगिक क्षेत्र धरून ५२८. समोर ३ आणि बाकी तिन्ही बाजूंना २ मीटर सोडले तर इमारतीखाली ११ बाय १५, म्हणजे १६५ चौरस मीटर. खाली पार्किंग, वर साधारण सव्वातीन मजले. साठ-पासष्ट चौरस मीटरचे आठ फ्लॅट झाले. प्रत्येकी एक गाडी धरा. गाडीला साडेबारा चौरस मीटर, वळायला-निघायला तेवढीच आणखी, म्हणजे आठ गाड्यांना २००. खाली जागा १६५. म्हणजे या हिशोबाने आहे तो एफएसआयसुद्धा पार्किंगमुळे पुरता वापरता येत नाही.

आता कुणी सभेत टाळ्या घेत म्हणालं, "स्टँडजवळ एफएसआय २ करा." ३०० चे झाले ६००, अनुषंगिक धरून ९६०. त्याच १६५ च्या ठशावर, म्हणजे इमारतीखालच्या जागेवर, सहा मजले. पण इमारत १५ मीटरच्या वर गेली की बाजूला उंचीच्या पाचव्या हिश्शाइतकी जागा सोडावी लागते, म्हणजे इथे साडेतीन मीटरच्या पुढे. पंधरा मीटर रुंदीतून दोन्हीकडे तेवढं गेलं की उरली आठ मीटरहून कमी. ठसा शंभर-एकशेपाचवर आला, म्हणून मजले नऊ झाले, म्हणून उंची वाढली, म्हणून जागा आणखी सोडा. गणित मिटतच नाही. याचा अर्थ, नुसता एफएसआय वाढवला तर तीन गुंठेवाल्याला दमडीचा उपयोग नाही. चार-पाच घरं विकत घेऊन एक करणाऱ्याला मात्र आहे. योजनेला तेच हवं असेल तर हरकत नाही, पण ते उघड म्हणावं. बसस्थानकापासून चालण्याच्या अंतरात पार्किंगची अट कमी करणं आणि लहान भूखंडांना शेजाऱ्याची एक भिंत सामाईक ठेवू देणं, या दोन बदलांनी अशा कॉलनीत जे साधेल ते एफएसआयच्या मोठ्या आकड्याने साधणार नाही असं माझं ठाम मत आहे. पार्किंग कमी केली तर गाड्या रस्त्यावर येतील हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायची पालिकेची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

वीस-पंचवीस भूखंड असे तपासावेत. कोपऱ्यावरचा, आतला, लांबट, भाऊबंदकीत चिरफळ्या झालेला, सगळे. एका पालिकेत हे केलं तेव्हा प्रस्तावित नियम निम्म्याहून जास्त भूखंडांवर लागूच पडत नाही असं निघालं आणि मसुदा फाडून नव्याने लिहिला. तो फाडलेला मसुदा मी अजून जपून ठेवलाय.

शब्दांबद्दलही सांगतो, कारण नियमात एक शब्द इकडचा तिकडे झाला की किती जमीन हलते याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १९९१ च्या नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनींचा. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक-तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा त्याचा गाभा. सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती ती. २००१ च्या दुरुस्तीत ही वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीऐवजी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. गिरण्यांत मोकळी जमीन ती कितीशी? बांधकामं पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. योजनेचा नकाशा कुणी बदलला नव्हता. म्हणून मसुद्यातल्या "मोकळी", "लगत", "अंतर" अशा शब्दांपाशी थांबून विचारायचं: कुठून मोजायचं? स्टँडच्या फाटकापासून की कुंपणापासून? हवाई अंतर की चालत जाण्याचं?

हा अंतराचा प्रश्न पुण्यात मेट्रोच्या वेळी आलाच होता. आधी मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना सरसकट जादा एफएसआयचा पट्टा द्यायचा विचार होता, नंतर तो स्थानकाभोवतीच्या ५०० मीटरपुरता ठेवला. मला तो बदल बरोबर वाटतो, माणूस स्थानकात चढतो, दोन स्थानकांच्या मधल्या खांबावर नाही. अहमदाबादने बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) आणि मेट्रोच्या मार्गालगत दोन्हीकडे २०० मीटरचा पट्टा घेऊन तिथे ४ पर्यंत एफएसआय दिला. रेघ ओढायला आणि तपासायला पट्टा सोपा असतो हे खरं, पण सोपेपणाखेरीज त्याचा दुसरा गुण मला सापडलेला नाही.

आता रीत. तुमची योजना अंतिम मंजूर झालेली असेल तर रस्ता कलम ३७ चा. महासभा ठराव करते, राजपत्रात नोटीस निघते, एक महिना हरकती-सूचना, बाधितांची सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन मंजुरी देतं. अट एकच, पण महत्त्वाची: बदलाने योजनेचं स्वरूप बदलता कामा नये. तुमच्या बाबतीत ही अट तुमच्याच बाजूने उभी राहते, कारण तुम्ही योजनेने जे म्हटलंय तेच नियमात आणायला सांगताय. राज्याच्या एकीकृत नियमावलीत दहावं प्रकरण शहरनिहाय विशेष तरतुदींचं आहे. तुमच्या शहराची मागणी बसायची जागा ती. योजनेचा एखादा भाग अजून "वगळलेला भाग" म्हणून, म्हणजे मंजुरीतून बाजूला ठेवून, शासनाकडे प्रलंबित असेल तर आधी तो कुठला ते पाहा. त्या भागासाठी वेगळा अर्ज करण्यापेक्षा चालू प्रक्रियेत म्हणणं मांडणं सोपं जातं. आणि योजना अजून प्रारूप अवस्थेत असती तर मी तुम्हाला कलम २६ खालच्या हरकतींकडे पाठवलं असतं.

किती वेळ लागेल? महासभा मनावर घेते की नाही, निवडणूक जवळ आहे का, आयुक्त बदलतात का, यावर सगळं आहे. वर्षभरात प्रस्ताव शासनाकडे जावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. मी दोन वर्षं धरून चालतो. या काळात एक गोष्ट हमखास होते. नियम कडक होणार अशी कुणकुण लागली की परवानग्यांसाठी रांग लागते, कारण वैध परवानगीवर सुरू झालेलं काम जुन्या नियमाने पुरं करता येतं. तेव्हा बाह्यवळणावरचे निर्बंध आणि स्टँडजवळच्या सवलती एकाच नोटिशीत आणा. निर्बंध मागे ठेवले तर ते येईपर्यंत बाह्यवळण भरून गेलेलं असेल.

हरकत कशी घ्यावी याबद्दल दोन शब्द. "आमच्यावर अन्याय झाला" अशा शंभर अर्जांपेक्षा सर्व्हे नंबर, रस्त्याची मोजलेली रुंदी, अहवालाचं पान आणि विरोधात जाणारा नियम क्रमांक असा एक अर्ज सुनावणीत जास्त चालतो. मुंबईच्या २०३४ च्या योजनेचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला. त्यामागे लोकांनी जागच्या जागी जाऊन दाखवून दिलेल्या ढोबळ चुकांचा मोठा वाटा होता. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये.

थोडक्यात तुमच्या तीन आश्वासनांचं असं: स्टँडजवळ एफएसआयपेक्षा पार्किंग आणि बाजूच्या मोकळ्या जागेचा नियम बदलून मागा, बाह्यवळणावर थेट दार बंद करून मागा, नदीकाठी आधी पूररेषा भाग नकाशावर आहेत का ते बघा आणि भरावाबद्दल अट घाला. या सगळ्याआधी पाणीपुरवठा खात्याकडून स्टँड भागातल्या नळवाहिन्या आणि ड्रेनेज आणखी किती घरं पेलतील ते लेखी घ्या. ते "नाही" म्हणाले तर माझं वरचं निम्मं उत्तर चार वर्षं पुढे ढकला.

राहिलं तुमचं घर. साडेसात मीटरचा रस्ता नऊचा झाला तर तुम्ही १.१ मधून बाहेर पडता. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा आखून हे करता येतं. दोन्ही बाजूंच्या मालकांना पाऊण-पाऊण मीटर सोडावं लागतं. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते असे नऊचे करायचा प्रस्ताव आला तेव्हा बराच वाद झाला: हेच रस्ते का, सगळे का नाहीत? तुमच्या कॉलनीत सगळे तयार असतील तर प्रश्न सोपा. पण त्याच्याही आधी पालिकेतून कॉलनीच्या मंजूर रेखांकनाची (लेआउटची) प्रत काढा आणि टेप घेऊन रस्ता मोजा. पुष्कळ जुन्या कॉलन्यांमध्ये मंजूर रस्ता नऊचाच असतो, दोन्हीकडची कुंपणं पुढे आल्यामुळे तो साडेसातचा दिसतो. तुमचंही कुंपण त्यात असू शकेल.